आधी आपल्या हाताले

रविवारी दिवस वर आला तवा आंगनात अकरा जनं बसले होते अन् आत घरात बा मराले टेकला होता. दोन्ही गोष्टी सगळ्यायले ठाऊक होत्या. तरी कोनी उठून जात नव्हतं. तुळसा आत्या, बाची मोठी बहीन, त्यायले सांगत होती, "बसा. आज आधी नागसेनच्या हाती सुई द्याची हाये, मंग तुमचं. नव्या हाताचं औषध लवकर लागू पडते."

"पोरगा आठ वर्साचा. हात थरथरला तं?" उदयसिंग म्हने. त्याले तिसऱ्यांदा कावीळ झाली होती.

"तुह्या बायकोनं तुले लाथ मारली तवा तिचा पाय थरथरला होता का?"

सगळे हसले. उदयसिंगबी हसला. घरात बा कन्हत होता ते कोनाले आयकू गेलं नाही.

आमच्या घरात काविळीची सुई पुंजाजी आज्याच्याबी आधीपासून. तांब्याची, बोटाएवढी, टोकाले काळी पडलेली. ज्याले कावीळ झाली त्यानं रविवारी उपाशी पोटी याचं अन् डावं मनगट पुढं कराचं. तीन टोचे माराचे, रक्ताचे थेंब निघाले का त्यावर पाल्याचा रस चोळाचा, झालं. सुईले आग दाखवाची नाही, उकळतं पानी लावाचं नाही, त्यानं तिच्यातलं औषध मरते. दोन मानसायच्या मधात कडुलिंबाच्या पाल्यानं पुसाची, बस. अन् सगळ्यात पक्का नेम असा, का टोचनाऱ्यानं दर रविवारी पयल्यांदा सोताच्या मनगटाले टोचाची. आधी आपल्या हाताले, मंग लोकायच्या. जे आपून सोसलं नाही ते दुसऱ्याले सोसाले लावाचं नाही. बाच्या मनगटावर आता टोचाले जागाच उरली नव्हती, कातडी नुसती खरबरीत झाली होती.

छप्पन साली आमच्या लोकायनं नागपूरले दीक्षा घेतली तवा आज्यानं घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले. सुई नाही सोडली. आत्यानंच तवा अडवलं होतं म्हने. "सुई देव नाही, औषध हाये." पन मले वाटते तिचं कारन दुसरं होतं. ज्यायच्या विहिरीवर आमाले पाय ठेवू देत नव्हते ते लोक रविवारी आमच्या आंगनात येऊन हात पुढं करत. त्या दिवशी रिसोडहून शिखरचंद शेट आपल्या नातवाले घेऊन आला होता. धोतराखाली सोताचा पंचा अंथरून बसला होता. शेट आमच्या घरचं पानी घेत नव्हता, सुई घेत होता.

वारसाले सुई द्याची रीतबी तशीच. बाप जिता असतानाच द्याची. बाप आधी सोताले टोचते, अन् त्याच ओल्या टोकानं पोराले टोचते. पोरगा आठ वर्साचा होईपर्यंत त्याच्या अंगाले सुई लागू देत नाहीत. आमच्या नागसेनचं मनगट म्हनून कोरं होतं. सकाळपासून त्यानं ते तीनदा धुतलं होतं.

"मले भेव नाही वाटत," तो मले सांगत होता. "तुले वाटलं असतं."

"चूप बस," म्या म्हटलं.

माह्यं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. माह्यं डोकं तापाले काही लागत नाही. सातवीत मास्तर म्हने, 'तू शिकून काय करतं, बापाची सुई घेऊन बस,' तवा म्या त्याले डस्टर फेकून मारला अन् शाळा तिथंच संपली. पन त्या दिवशीचं तापनं वेगळं होतं. बाचं पोट घागरीसारखं फुगलं होतं, हातपाय काड्या झाले होते, अन् घरात पाहुनचार चालला होता.

•

भिवा काका पयल्या येष्टीनं आला. बाचा धाकटा भाऊ, रिसोडकडे कंडक्टर. खाकी कपड्यातच होता. आंगनातल्या कोनाले रामराम नाही का जयभीम नाही, सरळ मागच्या बाजूनं आला अन् मले तुरीच्या गंजीमागं बलावलं.

"भागे, नागूले आज टोचू द्याची नाही."

"मले काय सांगतं? आत्याले सांग."

"बाईले सांगाचं म्हटलं तं भाऊले सांगा लागते." काका आत्याले बाई म्हने, बाले भाऊ.

"मंग सांग."

काकानं टोपी काढली, परत घातली. मागल्या महिन्यात तोच बाले नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला होता. नागसेन बाले सोडत नव्हता म्हनून तोबी गेला. तिथं एका डॉक्टरीन बाईनं तिघायचंबी रक्त काढून घेतलं होतं. काकानं तिकिटाच्या पेटीतून एक कागद काढला.

"तिनं टपालानं धाडलं. वाच. तुले येते."

बाईनं आमाले समजावं म्हनून मराठीतच लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात. जानराव पुंजाजी: रक्तात काविळीचा विषाणू आहे. भिवाजी पुंजाजी: आहे. नागसेन जानराव: नाही. खाली एक ओळ होती: सुई ताबडतोब बंद करा, लहान मुलाला जपा.

"विषाणू म्हनजे?"

"म्याबी तेच इचारलं. म्हने, डोळ्याले दिसत नाही एवढा बारीक. एका थेंबात लाखायनं. काविळी दोन हायेत, भागे. एक घान पान्याची. ती होते अन् पंधरा-वीस दिवसात आपोआप निघून जाते. आपल्या सुईनं जे बरे झाले ते हेच. सुई नसती तरी झाले असते."

"अन् दुसरी?"

"दुसरी रक्ताची. याच्या रक्तातून त्याच्या रक्तात, सुईच्या टोकावर बसून. मोठ्या मानसात गेली तं लई वेळा शरीरच तिले बाहेर काढते. लहान पोरात गेली तं घर करते. जेवढं पोर लहान तेवढी पक्की. मंग वीस वर्सं, तीस वर्सं ती लिवरात गुपचूप राह्यते. कावीळबी दिसत नाही. अन् त्यातल्या काही जनायच्या लिवरात एक दिवस गाठ उठते."

"बाची गाठ."

"क्यान्सर. बाई म्हने, अजून सगळं पक्कं झालं नाही, तिकडे परदेशात मोठमोठे डॉक्टर शोधून राह्यले. पन तिच्याकडे अशा गाठीचे जेवढे लोक आले त्यातल्या लई जनायच्या रक्तात हेच सापडलं."

म्या आज्याले कवा पाह्यलं नाही. पन त्याचं पोट कसं फुगलं होतं ते माय सांगाची. आज्यानं बाले आठव्या वर्सी टोचली होती. त्याच ओल्या टोकानं.

"औषध हाये का?"

"नाही. लस बनवून राह्यले म्हने. लहानपनीच टोचली का हा रोग शिरतच नाही अशी. आपल्याकडे कवा येईन तिलेबी ठाऊक नव्हतं. तवर एकच इलाज, रक्ताले रक्त लागू द्याचं नाही. सुई वापराचीच असन तं वीस मिनिटं उकळून."

"उकळून," म्या म्हटलं. मले हसू आलं, वाईट हसू. "जे करू नको म्हनत होते तेच."

कागदावर तारीख होती. म्या ती पाह्यली.

"काका, हा कागद अठरा दिवसायचा हाये."

त्यानं पेटीचं झाकन लावलं.

"मधात दोन रविवार गेले. बाले बसता येत नव्हतं तरी त्यानं पडल्या पडल्या टोचली लोकायले. तू कुठी होता?"

"ड्युटीवर."

"ड्युटीवर! आंगनात पोरं येऊन गेले, एक तं कडेवरचं होतं. अन् तू तिकिटं फाडत होता."

"हळू बोल." त्याचे ओठ सुकले होते. काकाले म्या कधी तसं पाह्यलं नव्हतं, तो आमच्या घरातला हसरा मानूस. "मी येष्टीत उभा राहून रोज त्याच्यासंग बोलतो, मनातल्या मनात. भाऊ, असं असं हाये. अन् पुढचं येत नाही. भाऊनं तीस वर्सं लोकायच्या आधी आपल्याले टोचली, त्याले तेवढाच एक अभिमान हाये. अन् मी सांगू का, तू आधी आपल्याले टोचत नसता तं तुह्या रक्तातलं एवढ्या जनायच्या रक्तात गेलं नसतं म्हनून? मराले टेकलेल्या मानसाले हे सांगू?"

मनगट म्या पोलक्याच्या बाहीत ओढून घेतलं.

"माह्या नावापुढं काय लिहिलं ते कोनाले सांगू नको," तो म्हने. "काकीले तं बिलकुल नाही. माह्यं साफ निघालं, एवढंच."

•

आत्यानं बाले भिंतीले टेकवून बसवलं होतं. माय, केशरबाई, त्याच्या पाठीशी वाकळ लावत होती. पुढं परातीत पाला, कडुलिंब अन् तेलाच्या फडक्यातली सुई. नागसेन मांडी घालून बसला होता, बाही खांद्यापर्यंत वर.

आत्याच्या मनात तवा काय होतं ते तिनं मले लई दिवसायनं सांगतलं. ती पुंजाजी आज्याची पयली औलाद. पाला तिले सगळ्यायच्या आधी ओळखू याचा, रोग्याची जीभ पाहून ती सांगाची कावीळ चढती का उतरती. पन सुई पोरीच्या हाती देत नाहीत. जानराव आठ वर्साचा झाला अन् आज्यानं त्याले टोचली, तवा ही दारामागं उभी राहून रडली होती. मंग नवऱ्यानं टाकलं तशी इथं आली अन् तीस वर्सं भावाच्या बाजूले बसून कडुलिंबाचा पाला देत राह्यली. सुई तिची नव्हती, पन रविवार तिचा होता.

मायचं वेगळं. तिनं मले आदल्या दिवशी पीठ मळता मळता सांगतलं होतं, "तुहा बा गेल्यावर मले रांडलेल्या बाईले दारात कोन उभं करन? पोराच्या हाती सुई राह्यली तं गाव येत राहीन." म्हनून ती आत्याच्या बाजूनं होती. एरवी दोघी एका चुलीवर बसत नव्हत्या.

काका दारात उभा राह्यला. "बाई, आजच्या दिवस राहू दे."

"काहून?"

"भाऊले बरं नाही."

"बरं नाही म्हनूनच आज. उद्या कोनं पाह्यला?" आत्यानं सुई फडक्यातून काढली अन् बाच्या बोटात दिली. बाची बोटं मिटत नव्हती, तिनं आपल्या हातानं मिटवली. "घे, जानराव. आधी आपल्या हाताले."

काका तसाच उभा. तोंड उघडे, मिटे. बानं सुई मनगटावर टेकवली. रक्ताचा थेंब आला, पातळ, गुलाबी. नागसेननं डोळे मिटून हात पुढं केला.

म्या तो हात मागं ओढला. एवढ्या जोरानं का नागसेन परातीवर पडला.

"बा, तुह्या रक्तात रोग हाये. याच सुईतून आला. आज्याच्या रक्तातून तुह्यात, तुह्या रक्तातून सगळ्या गावात. नागूचं रक्त साफ हाये, त्याले टोचू नको. काकाकडे कागद हाये, अठरा दिवस झाले पेटीत घालून फिरून राह्यला."

आत्यानं माह्या कानाखाली मारली. कान सुन्न झाला. नागसेन रडत होता, पन लागलं म्हनून नाही. "तूच मोडलं," तो म्हनत होता, "तूच मोडलं माह्यं."

बा माह्याकडे पाहत नव्हता. त्यानं काकाकडे पाह्यलं.

"भिवा. खरं?"

काका खाली बसला अन् सगळं बोलला. गंजीमागं मले सांगतलं तसंच, पन जमिनीकडे पाहून. फक्त एक खोटं सांगतलं, का त्याचं सोताचं रक्त साफ निघालं. बोलनं संपलं तवा मायनं नागसेनले उचलून आपल्या मांडीवर घेतलं. आठ वर्साचं पोरगं, पाय जमिनीले टेकत होते. तिनं त्याची बाही खाली केली, बटन लावलं. त्यावरून मले समजलं का माय आता कोनाच्या बाजूनं.

"कागदावर काहीबी लिहितात," आत्या म्हने. "एवढे लोक बरे झाले ते? आंगनात येऊन पाया पडतात ते?"

"बाई, ते आपोआप झाले."

"सगळे?"

"पान्याची कावीळ आपोआपच उतरते."

आत्यानं परातीतला सांडलेला पाला गोळा केला. मंग हळूच म्हने, "म्हनजे जे जगले ते आपून नाही जगवले. अन् जे मेले ते आपून मारले."

बाच्या मनगटावरचा थेंब ओघळून वाकळीवर पडला. काकानं पुसाले हात पुढं केला तं बानं हात मागं घेतला. "हात लावू नको," तो म्हने. घरात असं पयल्यांदाच कोनी म्हटलं असन. बाहेरचे म्हनत, आमी आयकत असू.

मंग तो म्हने, "मले आंगनात न्या."

"कायले?" माय म्हने. "भिवा सांगन. भागी सांगन, तिले आवडते वरडाले."

"माह्या हातानं टोचली हाये. मीच सांगतो."

•

काकानं अन् म्या त्याले धरून दारात बसवलं. पोट दोन्ही मांड्यायच्या मधात ठेवून बसला. आंगनातल्या लोकायनं आधी हातच पुढं केले.

बानं सांगतलं. त्याले मोठे शब्द येत नव्हते. "माह्या रक्तात रोग होता, मले माहीत नव्हतं. मी आधी मले टोचत होतो, मंग तुमाले. तो तुमच्यात गेला असन. आजपासून सुई बंद. ज्यायले ज्यायले टोचली त्यायनं शहरात जाऊन रक्त पाहून घ्या. घरच्या लहान पोरायचं आधी."

काही वेळ कोनाले समजलंच नाही.

"म्हनजे आज टोचत नाही?" उदयसिंग म्हने. "मी काल सकाळपासून उपाशी हाये."

"जेव," बा म्हने.

शिखरचंद शेट उठून जवळ आला, दोन हात अंतरावर थांबला. "जानराव, हे डॉक्टर लोक अपनी दुकान चलाते. तूच मले टोचली होती, विसरला? सत्तर साली. आठ दिवसात मी दुकानावर बसलो."

"तुमी तसेबी बसले असते शेटजी."

"पोराले टोचून दे. एकच. बाकी गोष्टी मंग." त्यानं नातवाची बाही वर केली. पाच-सहा वर्साचं गोरं पोरगं, डोळे हळदीसारखे, मनगट एवढंसं. बा त्या मनगटाकडे पाहत राह्यला.

"पानी उकळून पाजा त्याले," बा म्हने. "आराम द्या. उतरन. सुई नाही."

शेटचा चेहरा लाल झाला. "इतक्या लांबून आलो. तुमच्या दारात बसलो. तुमाले आता मोठेपना आला."

"शेटजी," मी मधात बोलली, "आमच्या दारचं पानीबी घेऊन पाहा एखाद्या वेळी. उकळून देतो." काकानं माह्या दंडाले चिमटा घेतला. शेट नातवाले उचलून निघून गेला.

सगळ्यात मागं कस्तुराबाई बसली होती, आपली लहान पोरगी घेऊन. तिचा नवरा मागल्या साली गेला, पोट फुगून. लहानपनापासून त्याले कावीळ म्हटली का आमच्या घरी आनत. ती हळूच पुढं आली.

"जानराव भाऊ, माह्या मानसालेबी हेच होतं का?"

काका घाईनं म्हने, "ते तसं सांगता येत नाही, वैनी, तपासल्याशिवाय—"

"असन," बा म्हने. "हेच असन."

कस्तुराबाई त्याच्याकडे पाहत राह्यली. मले वाटलं ती थुंकन, नाहीतं शिव्या देईन. तिच्या जागी मी असती तं दिल्या असत्या. ती म्हने, "मंग मले कायले सांगतलं, भाऊ? मी समजत होती त्याचं मरन आलं होतं म्हनून तो गेला."

तिनं पोरीचा हात धरला अन् गेली. तिच्यामागं बाकीचे. उदयसिंग सगळ्यायच्या शेवटी उठला, आंगनातली आपली काठी उचलली अन् जाता जाता कुडाले टेकून थोडा वेळ उभा राह्यला.

आत्यानं परात उचलली. पाला उकिरड्यावर टाकला. मंग चूल पेटवून तिच्यावर पानी ठेवलं अन् उकळी आल्यावर सुई त्यात टाकली. आमी कोनी तिले सांगतलं नव्हतं. पान्यात तांबं लालभडक दिसत होतं. ती भांड्यापाशी उकिडवी बसून राह्यली, पानी आटलं तरी.

•

दुपारून बाची जीभ जड झाली. मधात मधात तो आज्यासंग बोले, मंग आमच्याकडे परत ये. ऊन कुडावरून उतरलं तवा त्यानं मले जवळ बलावलं.

"वही आन नागूची. लिही."

"काय लिहू?"

"नावं. ज्यायले टोचली त्यायचे. भिवाची येष्टी त्या गावायनं जाते, तो सांगन त्यायले. ते आंगनात आले नव्हते आज."

काका म्हने, "भाऊ, तीस वर्सायचे कसे आठवतीन?"

"आठवतीन तेवढे."

त्यानं मेडशी गावापासून सुरुवात केली. गल्ली गल्लीनं. कुंभारायची थोरली सून. तिचं तान्हं. मळ्यावरचा लंगडा सालदार, नाव आठवत नव्हतं. बा अडकला का डोळे मिटून घे. मंग आत्या चुलीपासून बोलली, मान न वळवता, "दौलत. त्याच्या दोन्ही पोरीबी. धाकटीले दोन रविवार."

तवापासून ती दोघं मिळून सांगत गेली. बाले चेहरे आठवत, आत्याले नावं. रिसोड, मंग कारंज्याचे जे बाजाराले आले तवा आमच्याकडेबी आले होते ते. तीस वर्सं ती बाजूले बसून पाला देत होती, एकबी विसरली नव्हती. मी लिहीत होती. सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नव्हतं, बोटं दुखत होती. जे मेले त्यायच्यापुढं बा थांबे अन् म्हने, "त्याची पोरं लिही." नागसेन मायच्या मांडीवर पडून पेन्सिलीकडे पाहत होता. माह्याशी बोलत नव्हता.

"घरचे राह्यले," बा म्हने. "केशर लिही. तुळसा लिही."

म्या लिहिलं.

"भिवाचं नको. त्याचं साफ निघालं ना, भिवा?"

"साफ निघालं, भाऊ."

म्या वही गुडघ्यावर थोडी उभी धरली अन् भिवाजी लिहिलं. काका माह्या बाजूलेच बसला होता. त्याले ते दिसलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली अन् तिच्या आत पाहत बसला.

बा आता माह्याकडे पाहत होता. सकाळपासून पयल्यांदा. डोळे एवढे पिवळे होते का त्यातलं काळं वेगळं तरंगल्यासारखं दिसे. तो माह्या तोंडाकडे पाहत होता, मनगटाकडे नाही.

"तुले नव्हती ना टोचली मी?"

मले कावीळ झाली तवा मी तीन वर्साची होती. माय सांगते, मी एवढी रडली का बाच्या बोटाले चावली होती, अन् आत्यानं माह्या दंडाले धरून ठेवलं होतं. मनगटावरचे तीन टिपके मले झोपेतबी दाखवता येतीन. सकाळी म्या ह्याच मानसाले सगळ्यायसमोर वरडून सांगतलं होतं, त्याच्या रक्तात काय हाये ते. एवढी हिंमत होती मले सकाळी.

"नाही बा," म्या म्हटलं. "मले नाही."

तो तरीबी पाहत राह्यला. चुलीपाशी आत्यानं मान वळवली. तिनं माह्याकडे पाह्यलं, मंग त्याच्याकडे.

"तिले नाही टोचली, जानराव," ती म्हने. "तिच्या टायमाले तू कारंज्याले गेला होता. दोन दिवसात आपोआप उतरली पोरीची."

मायनं पदर तोंडाले लावला.

"बरं झालं," बा म्हने. त्यानं डोळे मिटले. "दोन पोरं तं साफ राह्यले."

म्या भिवाजीच्या खाली माह्यं नाव लिहिलं, पूर्न, भागिरथा जानराव. मंग त्याच्या कानापाशी वाकून इचारलं, "पुढचं गाव कोनतं, बा?"